प्रज्ञाचा डावा हात

माझी फजिती ऐकायची आहे ना? मग नीट टेकून बसा, आणि "पुढे काय, पुढे काय" असं मध्येच करू नका. ज्या माणसानं पाच कादंबऱ्यांत सात ग्रह वसवले आणि त्यातले तीन रीतसर उद्ध्वस्त करून दाखवले, त्याला गोष्ट कुठं थांबवायची आणि कुठं पळवायची हे कळतं.

हो, पाच कादंबऱ्या. धारवाडच्या मळमड्डीत भाड्याच्या घरात राहून, दिवसभर सरकारी ऑफिसात फायली सरकवून, मराठीत विज्ञानकथा आणि अद्भुतकथा लिहिणारा माणूस अख्ख्या हुबळी-धारवाडात मी एकटा आहे. मग वाचणारे किती, असं तुम्ही विचारणार. तर मी स्वतः एवढं वाचतो, की गावाची सरासरी आपोआप वर येते. पुस्तकं कपाटात मावेनात म्हणून आमच्या घरातला तांदळाचा डबा गॅलरीत गेलाय. बायको रोज एकदा त्या डब्याकडं बघते आणि एकदा माझ्याकडं. मी वाचत असतो, त्यामुळं मला त्याचा त्रास होत नाही.

लोक विचारतात, तुमची पात्रं इतकी जिवंत कशी? म्हणजे आजवर चौघांनी विचारलंय, त्यातला एक प्रकाशक होता. तर त्यामागं माझी एक पद्धत आहे आणि ती मी आज फुकटात सांगतोय. कादंबरीचं पहिलं वाक्य लिहिण्याआधी मी प्रत्येक पात्राचा बायोडाटा तयार करतो. नोकरीचा नव्हे, लग्नाचा.

हसा, हसा. पण विचार करा. माणसाची एवढी बारीक चौकशी दुसऱ्या कुठल्या कागदात असते? उंची, वर्ण, शिक्षण, भावंडं, स्वभाव, अपेक्षा, मामाचं गाव. परग्रहावरचा राजा असला म्हणून काय झालं, त्याच्या मामाचं गाव मला ठाऊक असल्याशिवाय मी त्याला सिंहासनावर बसू देत नाही.

हा साचा माझ्या हातात इतका बसला त्यालाही कारण आहे. आमच्या समाजातली इकडची पोरं शिकली कन्नड शाळेत. बोलतात झक्क मराठी, पण लिहायला बसली की घाम फुटतो. आणि स्थळं तर बेळगाव, निपाणी, कोल्हापूरकडची. मग आईबाप येतात माझ्याकडं. "सर, पोरीचा बायोडाटा तेवढा शुद्ध मराठीत करून द्या." मी करून देतो. वर "नमो बुद्धाय", खाली चोख मजकूर. पत्रिकाबित्रिका आमच्यात बघत नाहीत, त्यामुळं सगळा भार शब्दांवर असतो. माझ्या शब्दांवर एकोणीस संसार उभे आहेत. आजवर एकही परत आलेला नाही.

आता मुद्द्यावर येतो.

माझी मोठी बहीण, आमची अक्का, हुबळीत उणकलला राहते, तळ्याच्या मागं नवीन घरं झालीत तिथं. भावोजी तीन वर्षांपूर्वी गेले. एकुलती एक मुलगी, प्रज्ञा. एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. गुणी, हुशार आणि तोंडानं फटकळ. तोंड माझ्यावर गेलंय असं अक्का म्हणते.

तिची तीन स्थळं एकाच कारणावरून मोडली होती. प्रत्येकाचं म्हणणं, लग्नानंतर नोकरी सोड आणि आमच्या गावी ये. प्रज्ञाचं म्हणणं, नोकरी सोडणार नाही आणि आईला एकटी टाकून लांब जाणार नाही. तिसऱ्या वेळी तिनं सांगून टाकलं, "आता शेवटचं एक बघीन. नाही जमलं तर परत माझ्यासमोर लग्नाचं नाव काढायचं नाही." आणि ती बोलली की तसंच करते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

अशात एका मध्यस्थांकडून बेळगावचं स्थळ आलं. मुलगा अमोल, वीज खात्यात इंजिनिअर. तो स्वतःच हुबळीला बदली मागून घेणार होता. अक्कानं लगेच मला फोन केला.

"सुभ्या, असं स्थळ परत येत नाही बघ. बायोडाटा आजच पाठव. आणि नीट लिही. तुझं काहीबाही घालू नको."

"अक्का, मी कधी काहीबाही घातलंय?"

अक्कानं फोन ठेवून दिला.

आता इथं माझी चूक झाली. म्हणजे चूक म्हणवत नाही, कारण प्रत्येक पायरी बरोबर होती. त्या दिवसांत माझी सहावी कादंबरी सुरू होती. तिची नायिका एका अंतराळ जहाजाची मुख्य दिशादर्शक. धाडसी, कर्तबगार, फटकळ. तिला मी नाव दिलं होतं प्रज्ञा. भाचीचा अभिमान आहे मला, त्यात लाजायचं काय? नाव दिलं, तिचीच उंची दिली, तिचाच रंग दिला. भाचीचा खरा बायोडाटा उघडला, त्याची नक्कल केली आणि त्यातच नायिकेची माहिती भरत गेलो. काँप्युटरवर दोन फायली झाल्या. एक "प्रज्ञा बायोडाटा", दुसरी "प्रज्ञा बायोडाटा नवा".

तुम्हीच सांगा, घरात नवा असताना कुणी जुना पाठवतं का?

पाठवण्याआधी उघडून तरी बघायचं, असं तुम्ही म्हणणार. अहो, स्वतःचं लिखाण पुन्हापुन्हा तपासत बसणारा लेखक मी नव्हे. माझं पहिल्या हातालाच चोख उतरतं. प्रज्ञाचा एक छानसा फोटो सोबत जोडला, बेळगावला पाठवून दिला आणि हात झटकले.

पाचव्या दिवशी फोन आला.

"जय भीम. बेळगावहून मुलाचा बाप बोलतोय. रिटायर हेडमास्तर आहे मी."

"जय भीम, गुरुजी."

"तो बायोडाटा वाचला. तुम्हीच लिहिलाय काय?"

"मीच. मी लेखक आहे."

"तेच म्हटलं. घरात मोठ्यानं वाचून दाखवला. माझ्या बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं बघा."

मी खुर्चीत सरळ बसलो. बावीस वर्षं लिहितोय मी. एका अख्ख्या ग्रहाला चार पानांत मारलंय, तेव्हासुद्धा कुणी डोळे पुसल्याची बातमी आली नव्हती. आणि इथं साध्या बायोडाटावर एक बाई रडली. म्हटलं, सुभाष, तुझ्या लेखणीत काहीतरी आहे खरं.

"इतकं खरं कुणी लिहीत नाही हो," गुरुजी म्हणाले. "लोक असल्या गोष्टी लपवतात."

"लपवणं माझ्या लेखणीत बसत नाही, गुरुजी."

"आमची काही हरकत नाही. अमोल तर पहिल्यांदा वाचूनच म्हणाला, मला अडचण नाही. तरी आम्ही चार दिवस विचार केला. आता पक्कं ठरवूनच फोन करतोय. रविवारी येतो."

कशाला हरकत नाही, हे मी विचारलं नाही. नोकरीबद्दलच म्हणत असणार, असं धरून चाललो. आणि खरं सांगू? ज्याच्या लिखाणावर बेळगावात माणसं रडतायत, तो लेखक असल्या बारीकसारीक चौकशा करत नाही.

रविवारी उणकलला तिघंच आली. गुरुजी, त्यांची बहीण आणि अमोल. मुलाला आई नव्हती, या आत्यानंच त्याला वाढवलेलं. अक्कानं सकाळपासून खपून चुरमुऱ्यांचं गिरमिट केलं होतं, शिरा केला होता, धारवाडचा पेढा मी नेला होता. मी इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसलो. माझ्या दोन कादंबऱ्या टीपॉयवर अशा ठेवल्या, जणू कुणीतरी वाचता वाचता तिथं विसरलंय.

प्रज्ञा चहाचा ट्रे घेऊन आली. तिघांचेही डोळे एकदम तिच्या डाव्या हातावर गेले. अमोल तर उठूनच उभा राहिला.

"राहू दे, मी घेतो," असं म्हणून त्यानं ट्रे तिच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः सगळ्यांना चहा दिला.

अक्कानं माझ्याकडं बघितलं. असला मुलगा दिवा लावून शोधला तरी मिळणार नाही, असं तिच्या डोळ्यांत लिहिलेलं होतं.

"एवढं वजन कशाला उचलायचं, बाळ," आत्या म्हणाली. "आमच्याकडं तुला कुणी उचलू देणार नाही बघ."

प्रज्ञानं माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. चांगली माणसं आहेत, असं मी तिला खुणेनं सांगितलं.

मग गुरुजी थोडे पुढं सरकले आणि आवाज खाली आणून, तिच्या डाव्या मनगटाकडं हलकंच बोट करून मला म्हणाले, "हे... कधीपासून वापरते?"

तिच्या मनगटात घड्याळ होतं. नवं कोरं.

"मागच्या वाढदिवसापासून," मी म्हणालो. "मीच दिलं."

"तुम्ही दिलंत?"

"मामा आहे मी. मी नाही देणार तर कोण देणार?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "सवय व्हायला वेळ लागला असेल."

"छे. पहिल्या दिवसापासून रुळली. उलट आता नसलं की तिला चुकल्याचुकल्यासारखं होतं."

"रात्री काढून ठेवते?"

"उशाशी ठेवते."

"आणि पाण्याचं?"

"पाण्यात घालायचं नाही, तेवढी एक काळजी घ्यायची. बाकी दोन वर्षांची गॅरंटी आहे. बिघडलं तर दुसरं बदलून देतात."

"काय विज्ञान पुढं गेलंय हो," आत्यानं हात जोडले.

"विज्ञान हा माझाच विषय," मी म्हणालो, आणि टीपॉयवरच्या कादंबऱ्या बोटभर पुढं सरकवल्या. त्यांच्याकडं कुणी बघितलं नाही.

एका साध्या घड्याळाचं एवढं कौतुक? मलाही क्षणभर वाटलं. पण हेडमास्तर माणूस, वेळेचं महत्त्व असणारच, अशी मी समजूत घातली. लेखकाचं मन असंच असतं. कुठलीही फट दिसली की आपणच कल्पनेनं बुजवून टाकतो.

तेवढ्यात आत्यानं अक्काचा हात धरला. "ताई, मुलाचं एवढं मनाला लावून घेऊ नका. आठ वर्षं झाली म्हणून काय झालं, येईल की एक दिवस."

अक्काला मुलगा नाही. कधीच नव्हता. ती नुसती बघत राहिली. मी मात्र ओळखलं, की ही बाई अक्काला मुलगा नाही म्हणून हळहळतेय. हे मला खपत नाही. आठ वर्षं कुठली, येणार कोण, हे विचारायला हवं होतं, पण तोवर माझं वाक्य तयार झालेलं होतं आणि तयार झालेलं वाक्य मला तोंडात ठेवता येत नाही.

"आत्या, मुलगा नाही याचं या घरात कुणालाही दुःख नाही. आम्ही त्याचं नावसुद्धा काढत नाही. आमची प्रज्ञा हाच आमचा मुलगा."

आत्या मागं सरकली. "इतकं कडक?"

"या बाबतीत आम्ही कडकच आहोत."

"आईलासुद्धा आठवण येत नाही?"

"तिनं तर कधी अपेक्षाच ठेवली नाही," मी अक्काच्या वतीनं सांगितलं. अक्काच्या हातातला शिऱ्याचा चमचा तसाच राहिला होता.

मग आत्यानं प्रज्ञाला आपल्याजवळ बसवून घेतलं. तिचा डावा हात आपल्या मांडीवर घेतला. उलटा केला, सुलटा केला. नखावर टिचकी मारून बघितली.

"किती खरा वाटतो. रंगसुद्धा बरोबर जुळवलाय."

"काय जुळवलंय?" प्रज्ञानं विचारलं.

"लाजू नको ग. आमच्यापासून काय लपवायचंय आता." आणि आत्यानं तिच्या दंडाला मायेनं एक चिमटा काढला. "इथपर्यंत कळतं काय?"

"आई ग! दुखतंय आत्या."

आत्यानं हात झटकन मागं घेतला.

"दुखतंय?" आत्या म्हणाली.

"चिमटा काढल्यावर दुखणारच की."

आत्यानं गुरुजींकडं वळून बघितलं. "अण्णा, हिला दुखतंय."

गुरुजींनी पिशवीतून प्लास्टिकच्या फोल्डरमधला एक कागद काढला. माझा बायोडाटा. छापून आणला होता आणि हेडमास्तर असल्यामुळं महत्त्वाच्या ओळींखाली तांबड्या शाईनं रेघा मारल्या होत्या. ते खणखणीत आवाजात वाचायला लागले.

"'नमो बुद्धाय. नाव, प्रज्ञा. उंची, पाच फूट तीन इंच. वर्ण, निमगोरा.'" इथपर्यंत सगळे माना डोलावत होते. "'नोकरी, जहाजावर मुख्य दिशादर्शक. सध्या किनाऱ्यावर.'"

"कुठलं जहाज?" अक्का म्हणाली.

जहाज माझ्याच कादंबरीतलं होतं. पण गुरुजी थांबले नाहीत.

"'डावा हात खांद्यापासून कृत्रिम. जहाजाचा दरवाजा मिटताना आत चौदा माणसं होती आणि फटीत तिचा एक हात. तिनं हाताचा विचार केला नाही. भावंडं, एक भाऊ. आठ वर्षांपासून संपर्क नाही. घरात त्याचं ताट अजून मांडलं जातं.'"

मी त्यांना तिथंच थांबवायला हवं होतं. पहिल्याच ओळीला उठून हात जोडायला हवे होते. पण तुम्हाला कसं सांगू, बावीस वर्षांत माझं लिखाण कुणी असं मोठ्यानं, आवाजात चढउतार घेऊन, माझ्यासमोर वाचलं नव्हतं. आणि लिहिलंय काय सुंदर! मी ऐकत राहिलो.

"'अपेक्षा,'" गुरुजी शेवटाला आले, "'ज्याला वाट बघता येते, पण किती बघितली ते जो बोलून दाखवत नाही, असा. मामांचे गाव, मळमड्डी, धारवाड.'"

"वा," मी म्हणालो. निघूनच गेलं तोंडातून.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मामा," प्रज्ञा सावकाश म्हणाली, "ही तुमच्या कादंबरीतली आहे ना?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगून टाकलं. पद्धत सांगितली, दोन फायली सांगितल्या, नवा आणि जुना सांगितलं. आमची अक्का चिडली की मराठी सोडून कन्नडवर येते. "येन माडिद्यो, सुभ्या?" ती म्हणाली. काय करून बसलास? आवाज चढवला नाही तिनं. डोळ्यांना पदर लावला. तिनं मला दोन शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

"पण गुरुजी," मी कसाबसा म्हणालो, "तुम्हाला ते जहाज खरं वाटलं तरी कसं?"

"वाटलं म्हणजे? मध्यस्थ म्हणाले, मुलगी दवाखान्यात लॅबला आहे. इथं लिहिलंय जहाज. मी मेळ घातला. आधी कारवारकडं जहाजावर असेल, तिथं अपघात झाला, हात गेला. 'सध्या किनाऱ्यावर' म्हणजे मग दवाखान्यात नोकरी धरली. सगळं बरोबर बसतं."

खरोखर बसत होतं. दीड वर्ष मी डोकं खाजवत होतो, की या बाईला जहाजावरून जमिनीवर आणायची कशी. या माणसानं ते चार दिवसांत सोडवलं होतं. त्या तसल्या प्रसंगातसुद्धा मला त्यांचा थोडा हेवा वाटला.

गुरुजींनी कागदाची घडी केली. "पाहुणे, हे बरं झालं नाही. चार दिवस आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. माझी बहीण म्हणाली, ज्या पोरीनं चौदा माणसं वाचवली तिला आपण एका हातासाठी नको म्हणणार काय? त्या शब्दावर आम्ही इथवर आलो. आणि आता तुम्ही म्हणता, ती चौदा माणसंच नव्हती."

आत्याचा चेहरा सगळ्यांत जास्त उतरला होता. हात खरा निघाल्याचा आनंद तिला झालेला दिसला नाही. त्या चौदा माणसांचं तिला वाईट वाटत होतं.

गुरुजी पिशवी घेऊन उठले. मी सात ग्रह वसवलेला माणूस, पण त्यांना परत खाली बसवायला मला एक शब्द सुचेना. माझ्यामुळं माझ्या बहिणीचा उंबरा ओलांडून हे स्थळ परत चाललंय, एवढंच मला दिसत होतं. लाज वाटली मला. मनापासून वाटली.

तेव्हा प्रज्ञा बोलली. गुरुजींशी नव्हे, थेट अमोलशी.

"मी चौदा माणसं वाचवलेली नाहीत. मी रोज पन्नास माणसांचं रक्त काढते, त्यातली निम्मी सुई बघूनच ओरडतात. तुम्ही मला हात नाही असं समजून आलात?"

"हो," अमोल म्हणाला.

"आणि घरी काय सांगितलंत?"

"सांगायचं काय त्यात? लिहिलं होतं की दिशा दाखवते म्हणून. त्याला एक हात पुरतो. आणि भाकरी मला थापता येते."

प्रज्ञानं दोन्ही हात पुढं केले. "आता दोन आहेत. चालतील?"

अमोलनं थोडा विचार केला. "सवय करून घेईन," तो म्हणाला.

पहिल्यांदा हसली ती आत्या. मग अक्काला रडता रडता हसू फुटलं. गुरुजी पिशवी हातात घेऊन तसेच उभे होते, मग "बरं, चहा तेवढा गार झालाय," असं म्हणून खाली बसले. प्रज्ञा दुसरा चहा टाकायला आत गेली आणि या वेळी ट्रे तिच्या हातातून कुणी काढून घेतला नाही.

आणि मग, ऐका हं, अमोल माझ्याकडं वळला आणि म्हणाला, "मामा, त्या भावाचं पुढं काय होतं हो?"

बावीस वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होतो. पुढं काय होतं! मी खुर्ची जवळ ओढली आणि सुरू झालो. दुसरा चहा झाला, गिरमिट संपलं, पेढे संपले, तरी भाऊ अजून तिसऱ्या ग्रहावरच होता. आत्या तर पदर खोचून ऐकत होती. त्या चौदा माणसांत एखादी बाळंतीण होती का, असं तिनं विचारलं. नव्हती. पण आता कादंबरीत आहे.

पुढं कळलं ते आणखी वेगळंच. आत्यानं तो बायोडाटा बेळगावच्या, खानापूरच्या, निपाणीच्या सगळ्या नातलगांना मोबाईलवर धाडला होता. त्यांनी आणखी पुढं. कुठल्या कुठल्या बायका अक्काला फोन करून विचारायच्या, "त्या पोरीचा भाऊ आला काय हो परत?" माझ्या पाचही कादंबऱ्या मिळून जेवढ्यांनी वाचल्या नसतील, त्याहून जास्त माणसांनी ते दीड पान वाचलं. रडून वाचलं. तुम्ही याला फजिती म्हणा. मी याला वाचकवर्ग म्हणतो.

लग्न ठरलं. विहारात, साधंसं. आता लग्नपत्रिकेचा मजकूर आपल्याशिवाय कोण लिहिणार? मी तीन खर्डे तयार केले. एकात तर दोन्ही घरांचं वर्णन असं उतरलं होतं की माझं मलाच भरून आलं. ते घेऊन मी उणकलला गेलो.

प्रज्ञानं तिन्ही खर्डे बाजूला ठेवले. वाचलेसुद्धा नाहीत.

"मामा, पत्रिका तुम्हीच लिहायची. पण कन्नडात."

"कन्नडात? अग, दोन्ही घरं मराठी. पाहुणे येणार कोल्हापूर-निपाणीचे. निम्म्यांना कन्नड अक्षर वाचता येत नाही."

"असू दे. त्यांना तारीख आणि जागा आम्ही फोनवर सांगू."

"पण का?"

"कारण कन्नडात तुम्ही फक्त ऑफिसची पत्रं लिहिता," प्रज्ञा म्हणाली. "त्यात अजून कुणाचा हात गेलेला नाही."